मेल उघडायचा आणि मिटायचा

वारंगा फाट्यावर उतरलं की समोर चहाचं हॉटेल, हॉटेलाला लागून टायरवाला आणि टायरवाल्याच्या वरच्या मजल्यावर मी. दुकानाला नाव आहे, पाटीही आहे, पण ते नाव माझ्याशिवाय कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. "टायरवाल्याच्या वर कंप्युटरवाल्या मॅडम हायेत, तिथं न्या," असंच लोक एकमेकांना सांगतात. मीही आता फोनवर पत्ता सांगताना टायरवाल्यापासूनच सुरुवात करते.

या धंद्यात माझे केस पांढरे झाले. आधी मी कंप्युटर शिकवायची. मग शिकलेली पोरं बिघडलेली मशीनं घेऊन परत यायला लागली, तेव्हा दुरुस्ती करायला लागले. हळदीच्या हंगामात कुरुंद्याकडून आलेलं मशीन उघडलं की आतून पिवळा भुगा उडतो. पंख्याच्या पात्यांवर, तारांवर, सगळीकडं हळद. एक व्यापारी दरवर्षी दारातूनच ओरडायचे, "मॅडम, कंप्युटरला पुन्ना कावीळ झाली!" डोंगरकड्याचे एक काका बसमधून मांडीवर फक्त पडदा घेऊन आले होते आणि खालचा डबा घरीच ठेवला होता. मी म्हटलं, "काका, बिघाड डब्यात असतो." ते म्हणाले, "दिसतं तर सगळं ह्याच्यातच." एका गृहस्थांना पासवर्ड विचारला, तर त्यांनी दुकानातल्या सगळ्यांना बाहेर जायला लावलं आणि माझ्या कानाशी येऊन हळूच त्यांच्या बैलाचं नाव सांगितलं.

लोकांना वाटतं, आम्ही पेचकस घेऊन काहीतरी मोठं करतो. खरं तर निम्मं काम विचारण्याचं असतं. बिघडण्याच्या आधी तुम्ही काय केलं होतं? याला सगळे एकच उत्तर देतात, "काईच न्हाई केलं." मग चहा मागवायचा, इकडच्या तिकडच्या गोष्टी काढायच्या. चहा अर्धा झाला की माणूस म्हणतो, "हां, एक बारीक खिडकी आली होती, तिला 'हो' म्हणलं होतं."

ती बारीक खिडकी मला पुष्कळ काम देऊन गेली आहे. कंप्युटर ज्याच्या जोरावर चालतो ती मूळ व्यवस्था, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, अधूनमधून नवी येते. खिडकी विचारते, नवी टाकू का? माणूस 'हो' म्हणतो आणि झोपायला जातो. सकाळी नव्वद टक्के गोष्टी जागेवर असतात. राहिलेल्या दहा टक्क्यांतलं माणूस उचलून माझ्याकडं आणतो. त्यातल्या एका मशीनची गोष्ट सांगायची म्हणूनच मी हे लिहायला बसले आहे.

सकाळची वेळ होती, मी नुकतंच शटर वर केलं होतं. काळी-पिवळी जीप फाट्यावर थांबली आणि मागच्या बाजूनं एक बाई आणि एक मुलगी उतरल्या. बाईंच्या दोन्ही हातांत घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. आजारी लेकरू आणावं तसं त्या ते छातीशी धरून जिना चढत होत्या. वर आल्यावर त्यांनी घोंगडी टेबलावर सोडली. आतून कंप्युटरचा डबा निघाला.

"मॅडम, ओळखलं का?" मुलगी म्हणाली. "मी कोमल. गजानन दादाची बहीण."

गजानन माझा विद्यार्थी. डोंगरकड्याच्या पुढं त्यांचं गाव. घरी मेंढरं, थोडी शेती. पोरगं हुशार, हात चपळ. माझ्याकडं कोर्स करून तो पुढं जहाजावरच्या कामाचं शिक्षण घ्यायला गेला आणि मालवाहू जहाजावर लागला. आमच्या भागात समुद्र कुणी पाहिलेला नाही. त्याची आई धुरपताबाई माझ्याच वयाच्या. त्या कोर्सच्या वेळी एकदा आल्या होत्या, तेव्हा हसून म्हणाल्या होत्या, "मेंढरामागं फिरायचं सोडून पाण्यावर फिरतो म्हणून राहिला." आज त्यांच्या तोंडावर तसलं काही नव्हतं.

"काय झालं?" मी विचारलं.

कोमलनं जे सांगितलं ते असं. गजूचं जहाज जुनं. त्यावर पोरांना मोबाइलचं नेट नाही. जहाजाच्या कार्यालयातून मात्र मेल पाठवता येतो. म्हणून जाण्याआधी त्यानं घरच्या या जुन्या कंप्युटरवर मेलचा प्रोग्राम बसवून दिला, घरच्यांसाठी एक पत्ता काढून दिला आणि पासवर्ड एकदाच टाकून ठेवला. कोमलनं उघडायचं, वाचायचं, आईचं उत्तर लिहायचं, एवढंच. पासवर्ड तिला ठाऊक नव्हता, तो कधी विचारलाच गेला नव्हता. विसरला तर नवा मागवायला जो मोबाइल नंबर दिला होता तो गजूचाच, आणि तो नंबर तो जहाजावर चढल्यापासून बंद.

"काल दुपारी दादाचा फोन आला," कोमल म्हणाली. "जहाजावरच्या मोठ्या फोनवरून असंल. आवाज तुटून राहिला होता. 'मेल बघ, उत्तर दे, लवकर' एवढंच समजलं. मग बंद झाला. मी मेल उघडायला गेले तर उघडतो आन मिटतो. उघडतो आन मिटतो. संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं, आखाताकडं एका मालाच्या जहाजावर हल्ला झाला म्हणून. आपली पोरं हायेत म्हणले त्याच्यावर. जहाजाचं नाव न्हाई सांगितलं."

"त्याला जहाजावर लावणाऱ्या एजंटला फोन केला?"

"रात्रीपासून लावून राहिलो. उचलतच न्हाई कोणी."

मी नेहमीचा प्रश्न विचारला. बिघडण्याच्या आधी काय केलं होतं? तिनं 'काईच न्हाई' म्हटलं नाही. तिचे डोळे भरून आले. "लई दिवसांपासून ती खिडकी येऊन राहिली होती. या आठवड्यात मी 'हो' दाबलं. मला काय ठाऊक, मॅडम."

"तुझी चूक नाही," मी म्हटलं. "सगळे दाबतात."

धुरपताबाई इतका वेळ उभ्याच होत्या. त्या डब्याकडं बघत म्हणाल्या, "बाई, माझं पोरगं याच्यात हाये. बघा तुमी."

मी डबा माझ्या पडद्याला जोडला. चालू केल्यावर आतली डिस्क जरा कुरकुरली. ते मला आवडलं नाही. म्हणून आधी मेलच्या सगळ्या सामानाची नक्कल काढून माझ्याकडच्या डिस्कवर ठेवायला घेतली. रोग्याला हात लावण्याआधी नक्कल काढायची, ही सवय मी कधी मोडलेली नाही. कोमल अधीर झाली होती. "मॅडम, आधी उघडून तर बघा." मी म्हटलं, "उघडताना मेलं तर पुन्हा उघडायला काही उरायला नको का?" 'मेलं' हा शब्द तोंडातून गेला आणि दुकान गप्प झालं. मी नक्कल पुढं चालू ठेवली.

नक्कल झाली. आता प्रोग्राम उघडला. खिडकी आली, डावीकडं रकाने दिसले, आणि मजकूर दिसायच्या आत सगळं गेलं. 'प्रोग्रामचं काम थांबलं आहे' अशी एक कोरडी पाटी उरली. पुन्हा उघडला, पुन्हा तेच.

मग नेटची तार काढून उघडून बघितला. बाहेरून काही येत नसलं की प्रोग्रामवरचा भार कमी होतो. या वेळी खिडकी थोडी जास्त टिकली, मेलची यादी क्षणभर दिसली. धुरपताबाईंना वाचता येत नाही, पण त्यांनी लेकाच्या नावाचा आकार ओळखला. "आलं होतं की!" त्या ओरडल्या. "कुठं गेलं?"

मला एक गोष्ट सुचली. कोमलला म्हटलं, "तुझा मोबाइल काढ. पडद्यासमोर धर आणि व्हिडिओ चालू ठेव." मी पुन्हा प्रोग्राम उघडला, तो आला, गेला. मग तो व्हिडिओ आम्ही थांबवत थांबवत बघितला. एका चित्रात यादी धरली गेली होती. वरच्या ओळीत गजानन. त्याच्या खाली गजानन. त्याच्या खालीही गजानन. न वाचलेले मेल जाड अक्षरांत होते. विषयाच्या जागी सगळ्यात वरच्या मेलला लिहिलं होतं: 'आई, आजच सांग.'

"काय सांगू?" धुरपताबाई म्हणाल्या. "काय इचारलं त्यानं?"

ते आत होतं. विषय दिसत होता, मजकूर दिसत नव्हता. तारीख बघितली. मेल कालचा होता, पण टीव्हीवरच्या बातमीच्या आधीचा. कोमलनं आणि मी एकमेकींकडं बघितलं. आईला ते आम्ही सांगितलं नाही.

आता नेहमीचे उपाय. प्रोग्रामला चिकटलेली जोडकामं, म्हणजे ॲड-ऑन, बाजूला ठेवून तो नुसता उघडता येतो. तसा उघडला, तरी मिटला. नांदेडला माझे एक जुने सहकारी आहेत, माझ्यासारखाच धंदा करतात. त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "काय डोकं लावून राहिल्या? काढून टाका आन नव्यानं टाका. चहा प्यायच्या आत होईल."

त्यांचं चूक नव्हतं. शंभरातल्या नव्वद मशीनांना मी तेच केलं असतं. पण पासवर्ड या प्रोग्रामच्या पोटात होता, आणखी कुठंच नव्हता. जुनं खातं काढून नवं बसवलं की तो पहिल्यांदा पासवर्ड विचारणार, आणि तो सांगणारा माणूस समुद्रात. आलेले मेल कदाचित नकलेतून वाचता आले असते, पण उत्तर त्या पत्त्यावरून पाठवता आलं नसतं, आणि गजूचं पुढचं काही आलंच तर ते घेता आलं नसतं. मी हे त्यांना सांगितलं. मग म्हणाले, "मग हात जपून चालवा."

जुन्या सिस्टीमवर परत जायचा मार्ग होता. पण त्याला लागणारा वेळ, ती कुरकुरणारी डिस्क आणि आमच्या फाट्यावरची लाइट, या तिन्हींवर एकदम भरवसा ठेवायची माझी तयारी नव्हती. तो मार्ग मी अगदी शेवटी ठेवला.

धुरपताबाईंना खुर्ची दिली होती, त्या खाली फरशीवरच बसल्या. कोमल पुन्हा पुन्हा एजंटचा नंबर लावत होती. फोनची घंटी आम्हाला सगळ्यांना ऐकू यायची, संपायची, ती पुन्हा लावायची. माझे हात जपून चालत होते. चुकीचं एक बटण दाबलं असतं तर बैलाच्या नावासारखा हा पासवर्ड मला कुणी येऊन कानात सांगणार नव्हतं.

एखादा प्रोग्राम पडला की सिस्टीम आपल्याआपण नोंद करते, कोण पडलं आणि कुठं ठेच लागली. घरच्या माणसाला तिकडं जायची गरज पडत नाही. मी ते उघडलं. दर वेळी पडणारा मेलचाच प्रोग्राम, पण ठेच लागलेली फाइल त्याची नव्हती. तिचं नाव मी वाचलं, पुन्हा वाचलं.

"कोमल, तू याच्यावर मराठी कशानं लिहितेस?"

"दादानं टाकून दिलेल्या सॉफ्टवेअरनं. इंग्रजीत दाबलं की मराठी येतं."

ते मला माहीत होतं, कारण माझ्या कोर्समध्ये तेच शिकवलं जायचं. फार जुनं. ते कीबोर्ड आणि प्रत्येक प्रोग्राम यांच्या मध्ये बसतं. आपण दाबलेलं अक्षर आधी ते घेतं, मराठी करतं आणि मग पुढं सोडतं. त्यासाठी त्याला प्रत्येक प्रोग्रामच्या आत शिरावं लागतं. जुन्या सिस्टीमनं ते चालू दिलं. नव्या सिस्टीमवर बाकीच्या प्रोग्रामांनी सोसलं, मेलच्या प्रोग्रामला मात्र ते सोसेना. आईचं बोलणं मराठीत जावं म्हणून पोरानं जे बसवलं होतं त्यानंच दार अडवलं होतं.

मला एकदम हायसं वाटलं, आणि लगेच भीतीही. कारण कळणं वेगळं, निघणं वेगळं. ते सॉफ्टवेअर काढायला गेले तर काढण्याची खिडकीच अर्ध्यात गोठली. ना पुढं, ना मागं. मग सिस्टीम अगदी कमीत कमी गोष्टींवर चालू करायची, म्हणजे ते जागं होत नाही, आणि तेवढ्यात त्याच्या फाइलचं नाव बदलून टाकायचं, म्हणजे कुणाला ती सापडत नाही. मी तसं केलं. नाव बदललं. मशीन पुन्हा चालू व्हायला लावलं.

पडद्यावर गोल फिरायला लागलं. 'बदल पूर्ण करत आहोत. संगणक बंद करू नका.' नव्या सिस्टीमचं काहीतरी अर्धवट राहिलेलं असावं, तिनं नेमका हाच मुहूर्त काढला.

आणि लाइट गेली.

इन्व्हर्टरनं शिट्टी मारली. तो जुना होता, दुकान फार वेळ ओढायचा नाही. मी पंखा बंद केला, दिवा बंद केला, बाकीची दोन्ही मशीनं बंद केली. खाली टायरवाल्याचं हवेचं मशीनही थांबलं होतं, त्यामुळं एकदम शांत झालं. त्या शांततेत डिस्कची कुरकुर आणि इन्व्हर्टरची शिट्टी एवढंच ऐकू यायचं. उकाडा वाढला. कोमलनं दोन्ही हात तोंडावर धरले होते.

"बाई, हे गरगर काहून फिरून राहिलं?" धुरपताबाईंनी विचारलं.

"काम चालू आहे त्याचं."

"व्हईल का?"

मी 'होईल' म्हणू शकले असते. गिऱ्हाइकाला आम्ही म्हणतोच. त्या बाईला मला ते म्हणवलं नाही. "बघू," म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि घोंगडीची एक कडा मुठीत घट्ट धरून ठेवली.

इन्व्हर्टरच्या शिट्ट्या आता लवकर लवकर वाजायला लागल्या होत्या. गोल थांबलं. पडदा काळा झाला. मग पडदा उजळला आणि गजूनं कधीतरी लावलेलं मेंढरांच्या कळपाचं चित्र समोर आलं.

मी मेलचा प्रोग्राम उघडला. खिडकी आली. रकाने आले. यादी आली. खिडकी गेली नाही.

"नेट लावा, मॅडम," कोमल कुजबुजली.

लाइट नसल्यानं दुकानाचं नेट बंद होतं. मी माझ्या मोबाइलचं नेट मशीनला दिलं. खाली कोपऱ्यात 'मेल येत आहेत' असं दिसलं. पासवर्ड विचारला नाही. यादीच्या वर आणखी एक ओळ येऊन बसली. गजानन. वेळ आज सकाळची.

मी उठून कोमलला खुर्ची दिली. तिनं तारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आई, हे आजचं हाये. टीव्हीच्या नंतरचं." धुरपताबाईंनी डोळे मिटले. त्या रडल्या नाहीत. "वाच," एवढंच म्हणाल्या.

कोमलनं पहिल्यापासून वाचलं. गजूचं जहाज आखाताकडच्या त्या धोक्याच्या पट्ट्याच्या अलीकडं एका बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं. ज्यांना पुढं यायचं नसेल त्यांना इथं उतरता येईल, असं सगळ्यांना विचारलं होतं. जबरदस्ती नव्हती. गजूनं लिहिलं होतं की घरी विचारून सांगतो. दुसऱ्या मेलमध्ये लिहिलं होतं, उत्तर आलं नाही, आई रागावली का? तिसऱ्यात, 'आई, आजच सांग.' आणि आज सकाळच्या मेलमध्ये: ज्या जहाजावर हल्ला झाला ते आमच्या पुढं होतं. आता तरी सांगा. दुपारी उतरणाऱ्यांची बोट येईल. तुमचं काही आलं नाही तर मी सगळ्यांबरोबर पुढं जातो.

दुपार तर होत आली होती. तिकडं किती वाजले असतील याचा हिशोब करायला कुणाचं डोकं चालेना.

कोमलनं वडिलांना फोन लावला. बळीरामभाऊ मेंढरं घेऊन रानात होते. रेंज कशीबशी मिळाली. आवाज मोठा करून तिनं सगळं सांगितलं. पलीकडं मेंढरांचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "बाकीची पोरं काय करून राहिली?"

"बहुतेक जाणार म्हणतो दादा."

"मग हा एकटा उतरला तर पुन्ना कोण घेईल त्याला? लई तकलीफ काढून लागला पोरगा. त्याच्या मनात काय हाये ते त्याला ठरवू दे."

"त्याच्या मनात काय हाये ते मला दिसून राहिलं," धुरपताबाई फोनकडं वाकून म्हणाल्या. "जायचंच असतं तर इचारलं कशाला असतं त्यानं?"

बळीरामभाऊंनी तिकडं मेंढरांना हाक दिली. मग म्हणाले, "तुला बराबर वाटंल ते कर." आणि रेंज गेली.

कोमलनं माझ्याकडं बघितलं. "मॅडम, तुमी सांगा."

तो क्षण मला पुष्कळदा आठवतो. माझ्या विद्यार्थ्याचं भविष्य होतं, जीवही होता. माझ्या जिभेवर दोन्ही उत्तरं आली आणि दोन्ही मी गिळली. "मी मशीन चालू केलं," मी म्हटलं. "यातलं मला सांगता येणार नाही, कोमल."

"लिव्ह," धुरपताबाई म्हणाल्या. "उतर म्हणावं."

कोमल लिहायला लागली आणि थांबली. मराठी उमटेना. ते सॉफ्टवेअर मीच झोपवलं होतं. सिस्टीमचा स्वतःचा मराठी कीबोर्ड बसवून देता आला असता, पण इन्व्हर्टर तेवढं थांबला नसता. "इंग्रजी अक्षरांत लिही," मी म्हटलं. "तो वाचेल." आई सांगत गेली, ती लिहीत गेली: उतर. मेल बिघडला होता म्हणून उत्तर आलं नाही. मी रागावले नाही. मी इचारून न्हाई राहिले, सांगून राहिले. उतर.

लिहून झालं. कोमलचा हात माउसवर तसाच राहिला. "बाबा म्हणले ते..." ती पुटपुटली.

"कोणतं दाबायचं?" धुरपताबाईंनी विचारलं.

कोमलनं दाखवलं. त्या पुढं झाल्या. माउस त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा धरला असेल. बाण पडद्याच्या कडेला पळाला. मी त्यांच्या हातावर हात ठेवणार होते, पण ठेवला नाही. त्यांनी बाण हळूहळू आणून त्या बटणावर उभा केला आणि अंगठ्यानं दाबलं. काही झालं नाही. मग मधल्या बोटानं दाबलं. मेल गेला.

गेला म्हणजे 'पाठवायचे' या रकान्यात जाऊन बसला. तिथं तो तसाच राहिला. मी मोबाइल खिडकीशी नेऊन धरला, रेंज एक काडी वाढली. रकाना रिकामा झाला. त्यानंतर काही क्षणांत इन्व्हर्टरनं मान टाकली आणि सगळं काळं झालं.

मग फक्त थांबणं. चहा आला, कुणी घेतला नाही. खाली फाट्यावर गाड्या थांबत होत्या, निघत होत्या. लाइट यायला बराच वेळ लागला. मशीन चालू केलं, प्रोग्राम उघडला. या वेळी तो मिटेल अशी शंका माझ्या मनात आलीच नाही. वर एक ओळ येऊन बसली.

कोमलनं उघडलं. आत एवढंच होतं: 'बरं. उतरतो.'

"एवढंच?" धुरपताबाई म्हणाल्या.

"एवढंच हाये, आई."

"पुन्ना वाच."

कोमलनं ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्या निघण्याआधी मी गजूच्या मशीनवर सिस्टीमचा मराठी कीबोर्ड बसवून दिला, गजूकडून पासवर्ड आल्यावर तो कुठं लिहून ठेवायचा ते समजावलं, आणि डिस्क बदलून घ्या म्हणून बजावलं. घोंगडीत डबा बांधून दोघी जिना उतरल्या.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती चार माणसांत मिरवून सांगितली असती. काही वर्षं मी तशी सांगितलीही.

गजू घरी आला. त्याचं जहाज त्या पट्ट्यातून कुणाला खरचटल्याशिवाय पार झालं. त्याच्याबरोबरची पोरं पुढं गेली, वरच्या जागांवर लागली. गजूला मात्र एजंटनं पुन्हा बोलावलं नाही. तसं कुणी तोंडावर सांगत नाही, नुसतं 'कळवतो' म्हणतात. तो वडिलांबरोबर मेंढरांमागं फिरला. नंतर वसमतकडं हळदीच्या कारखान्यात मशीनवर लागला. काम चांगलं करतो म्हणतात.

मध्यंतरी तो दुकानात आला होता. दुसऱ्या एका जहाजाच्या नोकरीसाठी कागद पाठवायचे होते. वयाच्या अटीपाशी येऊन अडकलं. तो खुर्चीत बराच वेळ बसून राहिला. मग पडद्याकडं बघतच म्हणाला, "मॅडम, राग नका मानू. पण त्या दिवशी तुमच्याकडून ते मशीन दुरुस्त झालं नसतं तर मी आज कुठल्या कुठं असतो."

इतक्या वर्षांत दुरुस्ती जमली नाही म्हणून बोलणारे पुष्कळ भेटले, जमली म्हणून बोलणारा हा एकटाच. तो वाईट मनानं बोलला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. रात्रीचं जेवण गेलं नाही मला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी धुरपताबाई फाट्यावर दिसल्या. शेळी घेऊन आल्या होत्या, टायरवाल्याच्या सावलीला उभ्या होत्या. मी खाली गेले. बोलता बोलता, नको नको म्हणत असतानाच, गजू काय म्हणाला ते माझ्या तोंडून निघून गेलं. वाटलं, त्यांना वाईट वाटेल, किंवा पोराचा राग येईल.

त्यांनी शेळीची दोरी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मला बी म्हणतो," त्या म्हणाल्या. "आठवड्यातून एकदा तरी म्हणतो. म्हणू द्या, बाई. म्हणायला घरी हाये न्हवं."